कोपऱ्याची चवड

विजयमालाबाईंना माती दिली त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी सोजरबाईनं मागच्या खोलीतली भट्टी पेटवली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि येऊ नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. रिबका आतल्या खोलीत आईचं कपाट उघडून बसली होती. तिला आधी तापल्या तव्याचा वास आला आणि मग भाकरी थापल्याचा आवाज. क्षणभर तिला वाटलं, आईच आहे. पण आईची थाप याहून हलकी पडायची.

ती उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

"दुकानदाराचा फोन आलता," सोजरबाई मान वर न करता म्हणाली. "लग्नाची मोठी मागणी हाय, अक्कांनी महिन्यापूर्वीच व्हय म्हनलं हुतं. म्हनलं, देते करून. तुमच्या येशूनंच सांगितलंय न्हवं, व्हय म्हनलं तर व्हय, न्हाय म्हनलं तर न्हाय."

"तुम्हाला शास्त्र माझ्यापेक्षा जास्त येतं, सोजरबाई."

"वीस वर्सं ऐकतीया की. आमच्या बिरदेवालाबी ठावं हाय समदं. रागवत न्हाय त्यो."

सोजरबाई मूळची मंद्रूपची. नवऱ्यामागं शहरात आली ती विजयमालाबाईंच्या हाताखालीच कडक भाकरी शिकली. पापडासारखी पातळ थापायची, मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत भाजायची आणि पार कडकडीत झाली की दहा-दहाची चवड लावायची. महिनाभर टिकते. रिबकाचे वडील गेले तेव्हा ती बारावीत होती. त्याच वर्षी आईनं हे काम सुरू केलं आणि त्यावरच तिचं शिक्षण केलं.

विजयमालाबाई बायबलला शास्त्र आणि चर्चला देऊळ म्हणत; शास्त्रवाचन देवळात व्हायचं तेवढंच. त्याचा अर्थ लावणं मात्र काठवटीपाशी चालायचं. शास्त्रातल्या शलमोन राजाला खोट्या तागडीची चीड होती, म्हणून फुटकी भाकरी चवडीच्या मधे लपवायची नाही. सातवा दिवस विसाव्याचा, म्हणून लग्नसराई असो की आणखी काही, रविवारी भट्टीला हात नाही. कामाला येणारी नवी बाई आळस करू लागली की तिला शास्त्रातल्या कष्टाळू मुंगीची गोष्ट ऐकावी लागे, सोजरबाईनं ती इतक्यांदा ऐकली होती की मुंगी भिंतीवर दिसली तरी ती म्हणे, "आली बघा अक्कांची पाव्हनी."

आणि कोपरा.

शेत कापताना कडाकोपरे कापून न्यायचे नाहीत, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी उभे राहू द्यायचे, असं मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलं आहे. बवाजाच्या शेतात विधवा रूथनं असाच सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचून सासूला जगवलं. "आपल्याला शेत नाही," विजयमालाबाई म्हणत, "पण तवा आहे. तव्यालाही कोपरा असतो." रोजच्या कामातली शेवटची चवड त्या विकत नसत. मागच्या दाराबाहेर, बोळाच्या कडेला एक दगडी कट्टा होता. पाच वाजता ती चवड तिथं ठेवायची, वर टोपली पालथी घालायची, कुत्र्यांनी पाडू नये म्हणून टोपलीवर जुना वरवंटा ठेवायचा. मग दार लावून कडी घालायची आणि आत येऊन प्रार्थना करायची. ते दार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडायचं नाही. कोण नेतं हे विचारायचं नाही. चवडीत चांगल्याच भाकरी घालायच्या, उरल्यासुरल्या नाहीत.

"हातात दिली असती तर काय बिघडलं असतं?" कॉलेजात असताना रिबकानं एकदा विचारलं होतं.

"बवाजानं रूथच्या हातात पेंढी दिली नाही," आई म्हणाली होती. "त्यानं गड्यांना सांगितलं, तिच्या वाटेवर थोडी पडू द्या. आणि तिला बोलू नका."

दवाखान्यात, नाकाला नळी लावलेली असताना, विजयमालाबाई फार बोलल्या नाहीत. नातीची परीक्षा कधी आहे ते विचारलं. सोजरबाईला नवं लुगडं घ्यायला सांगितलं. आणि शेवटच्या संध्याकाळी रिबकाचं मनगट धरून म्हणाल्या, "कोपरा चुकवू नको. आणि दार उघडू नको." रिबका हो म्हणाली. त्या वेळी ती कशालाही हो म्हणाली असती.

आता प्रश्न होता की चुकवायचा नाही तो किती दिवस. रिबका पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. नवरा आणि मुलगी दफनाच्या दुसऱ्या दिवशी परतले होते. तिची रजा पुढच्या गुरुवारपर्यंत. घर भाड्यानं मागायला एक कुटुंब येऊन गेलं होतं, सज्जन माणसं होती. भट्टी आणि तवे सोजरबाईनं आपल्या घरी न्यायचे असं ठरत होतं, आणि सोजरबाईचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे आठवडाभरानं या कट्ट्यावर टोपली असणार नव्हती. पंचवीस वर्षं जे कुणी इथं येत होतं, ते एका संध्याकाळी येऊन रिकामा दगड बघून परत जाणार होतं.

रिबकानं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती आणि त्यांतून ती एक गोष्ट पक्की शिकली होती, की माहीत असणं नेहमी बरं. माणूस कोण आहे कळलं तर त्याची सोय लावता येईल. महिन्याचा शिधा बांधून देता येईल, देवळाच्या मदत मंडळात नाव घालता येईल.

"सोजरबाई, कोण नेतं हो?"

"मला ठावं न्हाय."

"वीस वर्षांत कधी दिसलं नाही?"

"बघायचं न्हाय म्हनूनच तर ठरलंय की. एकदा कुत्रं भुंकलं म्हनून मी कडीला हात लावला, तर अक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की हात आपोआप खाली आला." तिनं भाकरी उलटली. "तुमी बी बगू नका, ताई."

"मी जाणार आहे गुरुवारी. मागं त्या माणसानं काय करायचं?"

 सोजरबाई फडक्यानं भाकरी दाबत राहिली.

पाच वाजता चवड बाहेर ठेवून सोजरबाई पुढच्या दारानं घरी गेली. रिबका आईच्या बुटक्या स्टुलावर दाराला लागून बसली. मागच्या खोलीत भट्टीची ऊब अजून होती. सुमारे अर्ध्या तासानं बोळात चपलांचा आवाज आला. सावकाश, मधे मधे थांबत. मग दगडावर दगड ठेवल्यासारखा बारीक आवाज. वरवंटा उचलून बाजूला ठेवला गेला होता.

रिबकानं कडी काढली.

टोपलीपाशी शिरसाठबाई उभ्या होत्या.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सालोमी शिरसाठ, प्राथमिक शाळेतल्या रिबकाच्या बाई. इस्त्रीचं सुती पातळ, नीट खोचलेला पदर, आणि खांद्याला निळी कापडी पिशवी, जिच्यावर त्यांनी स्वतः पांढऱ्या दोऱ्यानं क्रूस भरला होता. दर रविवारी याच पिशवीतून त्या शास्त्र आणि गीतांचं पुस्तक काढत. चार दिवसांपूर्वी कबरीपाशी याच पिशवीतून शास्त्र काढून त्यांनी वाचन केलं होतं, आवाज न कापता. आता त्या पिशवीच्या तोंडातून भाकरीची कड दिसत होती.

"अगं, रिबू," बाई म्हणाल्या. "विजयमाला आहे का घरात?"

प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला आणि दोघींच्या मधे तसाच उभा राहिला. चार दिवसांपूर्वी याच हातांनी त्यांनी विजयमालेच्या पेटीवर मूठभर माती टाकली होती.

त्या वेळी रिबकानं काहीच न बोलता दार लावून घेतलं असतं तरी चाललं असतं. पण ती चांगल्या स्वभावाची होती, आणि त्या दिवशी तेच नडलं.

"बाई, आत या ना. बसा. चहा टाकते."

"नको. उशीर झाला."

"मग हे सगळंच घेऊन जा. थांबा, शेंगाची चटणी बांधून देते. आणि तुम्ही या उन्हातून चालत कशाला येता? मी सोजरबाईंना सांगते, रोज तुमच्या खोलीवर पोचवतील. मला आधी कुणी सांगितलं असतं तर—"

एकेक वाक्य मायेचं होतं आणि प्रत्येक वाक्यासरशी बाई थोड्या थोड्या लहान होत गेल्या. त्यांनी पिशवीतून भाकरी काढल्या. चारच होत्या. त्या चवडीवर नीट कडेला कड लावून ठेवल्या, टोपली घातली, वरवंटा ठेवला. जड होता तो. त्यांना दोन्ही हात लावावे लागले.

"मांजरासाठी नेत होते," त्या म्हणाल्या. "आमच्या वाड्यात एक मांजर येतं. पण त्याला काही कडक भाकरी आवडत नाही. सलाम."

"सलाम, बाई."

चपलांचा आवाज बोळाच्या टोकाला जाईपर्यंत रिबका तिथंच उभी होती. आल्या त्याहून तो आवाज भरभर जात होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी सोजरबाईनं टोपली उचलली. चवड तशीच होती. तिनं चवडीकडे पाहिलं, मग रिबकाकडे.

"उघडलं तुमी दार."

रिबकानं कडीकडे पाहिलं.

"कोन हुतं ते मला सांगू नका. लई शिकलेल्या तुमी, ताई, पन तुमच्या आईइतकं इसरायला न्हाय शिकला." ती खाली बसली, पिठात पाणी ओतलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "म्हातारं मानूस आसंल, एवढं मला ठावं हाय."

"कशावरून?"

"दोन वर्सं झाली. अक्का म्हनाल्या, सोजर, कोपऱ्याची चवड निराळी थापायची. पातळ. तोंडात घातली की जिभेवरच मोडली पायजे. मी म्हनलं, का वो? तर म्हनाल्या, तू थाप."

रिबका भिंतीला टेकली. म्हणजे आईला ठाऊक होतं. दर रविवारी देवळात आई आणि शिरसाठबाई तिसऱ्या बाकावर शेजारी शेजारी बसत, एका गीताच्या पुस्तकातून गात. आईनं बाईंचे पडलेले दात पाहिले, घरी येऊन थाप पातळ केली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोन वर्षं. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नसणार.

बाईंची परिस्थिती तशी सगळ्या मंडळीला अर्धी ठाऊक होती. त्यांची शाळा विनाअनुदानित. ती बंद पडली तेव्हा पेन्शन कसली मिळणार. लग्न केलं नव्हतं. भावाच्या माघारी त्याच्या घराची मागची खोली त्यांच्याकडे राहिली. भाचा हैदराबादला असतो आणि तो सगळं बघतो, असं बाई स्वतःच सांगत, आणि इतक्या छान सांगत की तो भाचा शेवटचा कधी दिसला हे कुणी आठवून पाहिलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळीही चवड बाहेर गेली. रविवारी सकाळी रिबकानं स्वतः टोपली उचलून पाहिली. जशीच्या तशी होती, नुसत्या मुंग्या लागल्या होत्या.

देवळात ती मुद्दाम आईच्या जागेवर बसली नाही. बाई तिसऱ्या बाकावर होत्या, शेजारची जागा रिकामी. आईचं नाव घेऊन पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. उपासना संपल्यावर लोक एकमेकांना सलाम करत बाहेर पडू लागले, तेव्हा दाराशी दोघींची गाठ पडली. टाळता येण्यासारखी नव्हती.

"सलाम, बाई."

"सलाम." बाईंनी चष्मा सारखा केला. "तुम्ही कधी निघणार पुण्याला?"

रिबकाला पहिल्यांदा कळलंच नाही काय बदललं ते. "गुरुवारी," ती म्हणाली.

"बरं. प्रवास नीट करा. घरच्यांना सलाम सांगा."

बाईंनी सहा वर्षांच्या रिबकाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतलं होतं. लग्नात 'रिबू, रडू नकोस, काजळ फिस्कटेल' म्हणून कानात सांगितलं होतं. अडतीस वर्षांत त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. आता त्या पायऱ्या उतरून उन्हात चालत निघाल्या. निळी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, सपाट, आत फक्त दोन पुस्तकं असल्याचं कुणालाही दिसावं अशी.

त्या दुपारी रिबकानं माफीचं पत्र लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. माफी मागायची तर जे पाहिलं ते पुन्हा एकदा सांगावं लागत होतं. दुसरी वाट नव्हती.

चौथा कागद समोर घेऊन ती बसली असताना तिला शाळेची खिडकी आठवली.

चौथीच्या वर्गाची खिडकी, तिचा रुंद काळा दगड. शुक्रवारी शाळा सुटताना त्या दगडावर बाईंचं एखादं पुस्तक राहून गेलेलं असे. गोष्टींचं, प्रवासाचं, कधी एखाद्या शास्त्रज्ञाचं. रिबकाच्या घरी तेव्हा दोनच पुस्तकं होती, शास्त्र आणि गीतांचं. पहिल्यांदा तिनं ते पुस्तक उचलून दप्तरात घातलं तेव्हा तिचे कान तापले होते. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन तिनं ते परत ठेवलं. पुढच्या शुक्रवारी दुसरं होतं. असं वर्षभर चाललं. बाई भारी विसरभोळ्या आहेत असं तिला वाटे, आणि आपण चोर आहोत असंही. शेवटी न राहवून तिनं आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती.

"परत नेऊन ठेवतेस ना?"

"हो."

"मग बाईंशी त्यावर काही बोलायचं नाही. वाच आणि ठेव."

इतकी वर्षं रिबका लोकांना सांगत आली होती की आपल्याला वाचनाची गोडी कशी लागली कुणास ठाऊक. बाईंना गणिताच्या वहीतली एक चूकही तिसऱ्या दिवशी आठवायची. त्या दर शुक्रवारी पुस्तक विसरत होत्या, आणि बरोबर तिच्या उंचीला हात पोचेल अशा जागी. शेतात पेंढी विसरून राहिली तर ती आणायला मागे फिरू नये, असंही त्याच शास्त्रात आहे. आईनं ते सांगितलं होतं तेव्हा रिबकाला वाटलं होतं, हा काय नियम झाला. विसरणं कुणाच्या हातात असतं का?

तिनं कागद घडी करून कपाटात ठेवला. रडायला तिला आईच्या जाण्यापासून नीट सवड मिळाली नव्हती. ती त्या दुपारी मिळाली.

सोमवारी तिनं भाडेकरूंना फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं त्यांनी. मागची खोली कामाला लागते, एवढंच ती म्हणाली. मग घराची दुसरी किल्ली सोजरबाईच्या पुढ्यात ठेवली.

"हितंच करू म्हनता?" सोजरबाईनं किल्लीला हात न लावता विचारलं.

"इथंच. जसं चाललंय तसं."

"लांब पडतंय मला."

"ठाऊक आहे. रोज येणं होईल का?"

"वीस वर्सं काय इमानात बसून येत हुते व्हय?" तिनं किल्ली उचलून कनवटीला लावली. "पन तुमी तिकडनं फोन करून इचारायचं न्हाय. चवड गेली का, ऱ्हायली का. मी सांगनार न्हाय."

"नाही विचारणार."

"आईला तसंच हो म्हनला हुता."

रिबकानं मान खाली घातली. हे खरंच होतं.

सोमवारी चवड राहिली. मंगळवारीही राहिली. ती रोज सकाळी सोजरबाईच काढी, आणि काढलेल्या भाकरी टोपलीत घालून स्टेशनच्या बाजूला देऊन येई. बुधवारी दुपारी रिबका हात धुऊन काठवटीपाशी बसली.

"कोपऱ्याची मी थापते."

"जमनार न्हाय."

"बघू."

जमली नाही. पहिली जाड झाली, दुसरी तव्यावर टाकताना फाटली, तिसरीला मधोमध चीर गेली. सोजरबाई हसली नाही, हेच फार झालं. "तळवा न्हाय, बोटं लावा," ती म्हणाली. "अक्का असं थापायच्या, जनू कुनी निजलंय पिठाखाली." सातवी भाकरी पातळ आली. आठवीही आली. दहा चांगल्या व्हायला चार वाजून गेले. फुटक्या सगळ्या रिबकानं बाजूला ठेवल्या. त्या चवडीत जाणार नव्हत्या, मधे नाहीत की खालीही नाहीत. एक तुकडा तिनं तोंडात टाकला. जिभेवर ठेवल्याबरोबर तो मोडला, आणि आईच्या हातचीच चव लागली, कारण ज्वारी तीच होती.

पाच वाजता तिनं चवड कट्ट्यावर ठेवली, टोपली पालथी घातली, वरवंटा ठेवला. मग जरा थांबून वरवंटा परत उचलला, आत आणला आणि त्याच्याऐवजी पाट्याचा एक हलका तुकडा ठेवला. म्हाताऱ्या हाताला एका हातानं उचलता येईल एवढा. ते करताना तिनं बोळाच्या टोकाकडे पाहिलं नाही. दार लावून कडी घातली.

सोजरबाई आज थांबली होती. दोघी मागच्या खोलीतच जमिनीवर बसल्या. प्रार्थना रिबकानं केली. आईसारखी लांब तिला येत नव्हती. चार वाक्यं झाली आणि शब्द संपले. मग ती नुसती बसली. निदान कानांवर तिचा इलाज नव्हता. चपला वाजल्या तर ऐकू येतील, आणि ऐकू आल्या तर दार न उघडताही तिला कळेल. तेवढं तरी घेऊन पुण्याला जाता येईल, असं तिच्या मनात होतं.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. पाच दिवसांनी आलेलं पाणी. आजूबाजूच्या घराघरांतल्या मोटारी एकदम सुरू झाल्या, हंडे-कळशा आदळू लागल्या, पुढच्या गल्लीत बायका एकमेकींना हाका मारू लागल्या. मागच्या बोळातला एकही आवाज त्यातून वेगळा निघेना. रिबकानं क्षणभर डोळे मिटून कान लावले. मग सोडून दिलं. उठून तीही पाणी भरायला गेली.

गुरुवारी पहाटे तिची बॅग भरून पुढच्या दाराशी होती. सोजरबाई लवकर आली आणि सरळ मागं गेली. कडी काढल्याचा आवाज आला, मग टोपली उचलल्याचा. रिबका स्वयंपाकघरात उभी होती. चार पावलं टाकली असती तर कट्टा दिसला असता. सोजरबाई टोपली घेऊन मोरीत आली. तिनं ती पालथी करून धुतली, घासून, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. रिबकाकडे तिनं पाठ केली होती आणि चेहरा दिसत नव्हता.

"निघते मी," रिबका म्हणाली.

"सावकास जावा," सोजरबाई टोपलीवर पाणी ओतत म्हणाली.

रिक्षा बोळाच्या तोंडावरून वळली तेव्हा रिबका मांडीवरच्या पर्समध्ये तिकीट शोधत होती. ते वरच्याच कप्प्यात होतं, तिला ठाऊक होतं. बोळ मागे पडेपर्यंत ती मान वर न करता शोधत राहिली.